छापून आलेले रंग

धुंडिराज गोविंद फाळके १ फेब्रुवारी १९१२ रोजी मुंबईहून लंडनला निघाले. विम्याच्या पॉलिशा गहाण टाकून त्यांनी प्रवासाचे पैसे उभे केले होते. सिनेमाचे तंत्र प्रत्यक्ष पाहायचे आणि कॅमेरा, कोरी फिल्म, फिल्मच्या कडांना भोके पाडायचे यंत्र असे सामान घेऊन परतायचे, असा बेत होता. दुसऱ्याच दिवशी, २ फेब्रुवारीला, लंडनच्या स्काला थिएटरात ‘विथ अवर किंग अँड क्वीन थ्रू इंडिया’ हा चित्रपट लागला. डिसेंबर १९११ मध्ये दिल्लीत पंचम जॉर्जचा दरबार भरला होता. त्याचे आणि राजाराणीच्या हिंदुस्थानातल्या दौऱ्याचे हे चित्रण अडीच तासांचे होते, आणि ते रंगीत होते. फाळके लंडनला पोहोचले तेव्हा हा खेळ तिथे चालूच होता. ते मात्र ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाच्या संपादकांना भेटले, त्यांच्या ओळखीने वॉल्टनला सेसिल हेपवर्थच्या स्टुडिओत गेले, आणि १ एप्रिलला मुंबईत परतले ते काळ्या-पांढऱ्या चित्रपटाची सगळी सिद्धता करून. फिल्म धुण्याची रसायने कालवायला आणि भोके पाडायला घरी पत्नी सरस्वतीबाई होत्याच.

फाळके मूळचे रंगांच्याच धंद्यातले. बडोद्याच्या कलाभवनात शिकत असताना त्यांना रतलामला तिरंगी ब्लॉक तयार करण्याची विद्या शिकायला पाठवले होते. पुढे त्यांनी रविवर्मा प्रेससाठी काम केले, स्वतःचा छापखाना काढला आणि १९०९ मध्ये रंगीत छपाईच्या यंत्रांसाठी ते जर्मनीलाही जाऊन आले. एका चित्राचे तीन ठसे करायचे, एक पिवळ्या शाईचा, एक तांबड्या, एक निळ्या, आणि ते कागदावर तसूभरही न सरकता एकावर एक बसवायचे, हे काम त्यांच्या हातात मुरलेले होते. त्यांच्या चित्रपटात मात्र ही विद्या उतरली नाही, आणि त्या काळात ती उतरणे शक्यही नव्हते. रंगीत सिनेमाच्या मागे लागलेली माणसे तेव्हा दुसऱ्याच वाटेने चालली होती. ती वाट सोडून ती मंडळी छापखान्याच्या वाटेला लागायला आणखी काही वर्षे जायची होती.

ती पहिली वाट प्रकाशाची. तांबडा, हिरवा आणि निळा असे तीनच प्रकाश कमीअधिक प्रमाणात मिसळले की डोळ्याला सगळे रंग दिसतात, हे जेम्स क्लार्क मॅक्सवेल या भौतिकशास्त्रज्ञाने १८६१ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये करून दाखवले होते. एका रंगीत फितीच्या गाठीची त्याने तीन रंगांच्या काचांतून तीन छायाचित्रे काढवून घेतली आणि तीन दिव्यांनी ती पडद्यावर एकत्र पाडली. सिनेमा आल्यावर हाच प्रयोग हलत्या चित्रावर करायचे अनेकांच्या मनात आले. एडवर्ड टर्नर या तरुण इंग्रज छायाचित्रकाराने तिन्ही रंगांचा सिनेमा करण्याचे पेटंट १८९९ मध्ये घेतले. त्याने थोडे चित्रणही केले, पण पडद्यावर ती तीन चित्रे एकमेकांवर बसेनात. १९०३ मध्ये तो वारला. त्याने टिपलेली चित्रे धडपणे पडद्यावर दिसली ती २०१२ मध्ये, ब्रॅडफर्डच्या संग्रहालयाने संगणकाची मदत घेतली तेव्हा.

टर्नरला पैसा पुरवणारा चार्ल्स अर्बन मूळचा अमेरिकन. चित्रपटाच्या व्यापारात मुरलेला आणि धाडसी. त्याने हे काम ब्रायटनच्या जॉर्ज अल्बर्ट स्मिथकडे सोपवले. तीन रंग सांभाळता येत नाहीत असे दिसल्यावर स्मिथने दोनच ठेवले, तांबडा आणि हिरवा. कॅमेऱ्यासमोर या दोन रंगांच्या काचांची चकती फिरायची आणि साध्या काळ्या-पांढऱ्या फिल्मवर एक चौकट तांबड्या काचेतून, पुढची हिरव्या काचेतून अशी आळीपाळीने टिपली जायची. दाखवतानाही प्रोजेक्टरपुढे तशीच चकती फिरे. सेकंदाला सुमारे ३२ चौकटी सरकत असल्याने दोन्ही रंग डोळ्यातच मिसळत. म्हणजे फिल्मवर रंगाचा एक कणही नसे, रंग तयार होई तो पाहणाऱ्याच्या डोळ्यात. या तंत्राला नाव दिले किनेमाकलर. १९०९ पासून त्याचे पैसे देऊन पाहायचे खेळ सुरू झाले.

स्कालात लागलेला तो दरबाराचा चित्रपट याच तंत्रातला. त्यासाठी दरबाराची निवड अर्बनने फार अचूक केली असे मला वाटते. लाल डगल्यांच्या पलटणी, भरजरी पोशाख, हिरवळ, तापलेल्या मातीचा रंग, हे सगळे तांबड्या-हिरव्याच्या आवाक्यातले. दरबाराचे काळे-पांढरे चित्रण इतर कंपन्यांनी काही आठवड्यांतच लंडनमध्ये दाखवून टाकले होते. तरी अर्बनचा खेळ कित्येक महिने चालला. स्कालाच्या रंगमंचावर ताजमहालाचा देखावा उभारला होता, मोठा वाद्यवृंद बसवला होता, आणि खुद्द राजाराणी तो पाहून गेले. (याच दरबारात बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड दागिने न घालता साध्या वेशात राजासमोर आले, एकदाच लवले आणि पाठ फिरवून चालते झाले. त्या प्रसंगाचे चलच्चित्र आजही पाहता येते. इंग्रजी वर्तमानपत्रांनी त्यावरून केवढे रण माजवले हे मराठी वाचकाला सांगायला नको.) अर्बनच्या त्या अडीच तासांतले फारच थोडे आज उरले आहे. त्यातला संचलनाचा भाग २००० साली सापडला, तो रशियातल्या एका संग्रहात.

किनेमाकलरचा घात मात्र निळ्याने केला. काहीही झपाट्याने हलले की त्याला तांबडी-हिरवी किनार फुटे, कारण दोन्ही रंग एका क्षणी टिपलेलेच नसत. ते लोक खपवून घेत. विल्यम फ्रीझ-ग्रीन या प्रतिस्पर्ध्याने पेटंटालाच आव्हान दिले, तेव्हा वादाचा मुद्दा निराळा निघाला. स्मिथच्या पेटंटात नैसर्गिक रंग दिसतील असे म्हटले होते. निळा प्रकाश वगळल्यावर निळा रंग दिसणार कसा? पहिल्या न्यायाधीशाने डिसेंबर १९१३ मध्ये पेटंट वैध ठरवले. १९१४ मध्ये अपिलात ते रद्द झाले आणि १९१५ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सनेही रद्दच ठेवले. अर्बनची कंपनी मोडली. एका गैरहजर रंगाने इतका मोठा धंदा बुडवल्याचे दुसरे उदाहरण माझ्या वाचनात नाही.

नेमक्या त्याच वर्षी, १९१५ मध्ये, अमेरिकेत बॉस्टनला टेक्निकलर कंपनी स्थापन झाली. हर्बर्ट कॅल्मस आणि डॅनियल कॉमस्टॉक हे मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे माजी विद्यार्थी, संस्थेच्या अभिमानाने त्यांनी कंपनीच्या नावात ‘टेक’ घातले. बर्टन वेस्कॉट हा यंत्रांचा जाणकार तिसरा भागीदार. त्यांनीही सुरुवात प्रकाशाच्याच वाटेने केली. रेल्वेच्या एका डब्यात प्रयोगशाळा थाटून ती फ्लोरिडात नेली आणि १९१७ मध्ये ‘द गल्फ बिटवीन’ हा चित्रपट केला. त्याच्या प्रोजेक्टरमध्ये दोन झरोके आणि एक लोलक होता, आणि दोन्ही चित्रे जुळवत ठेवायला खेळभर एक माणूस राबे. हे काम करणारा अर्धा प्राध्यापक आणि अर्धा कसरतपटू असायला हवा, अशा अर्थाचे कॅल्मसने पुढे लिहून ठेवले आहे. गावोगावच्या थिएटरात असा माणूस आणायचा कुठून? तेव्हा कंपनीने ठरवले की थिएटरच्या यंत्राला हात लावायचा नाही, रंग फिल्मवरच चढवायचा.

इथे रंगीत सिनेमाच्या इतिहासाला खरे वळण लागले. प्रकाशात प्रकाश मिसळण्याऐवजी आता पांढऱ्या प्रकाशातून नको तेवढा रंग शाईने गाळायचा होता. शाई कागदावर नेमके हेच करते. पहिली पद्धत ओबडधोबड होती. कॅमेऱ्यातल्या लोलकाने तांबडी आणि हिरवी प्रतिमा एकाच क्षणी टिपायची, त्या दोन पातळ फिल्मवर उतरवायच्या, एक नारिंगी आणि एक हिरवट रंगवायची आणि पाठीला पाठ लावून दोन्ही चिकटवायच्या. ‘द टोल ऑफ द सी’ हा १९२२ चा चित्रपट असा तयार झाला आणि डग्लस फेअरबँक्सचा ‘द ब्लॅक पायरेट’ १९२६ मध्ये. पण प्रोजेक्टरच्या दिव्याच्या उष्णतेने ही जोडफिल्म वाटीसारखी फुगायची आणि पडद्यावरचे चित्र एकाएकी अंधुक व्हायचे. फुगलेल्या प्रती सरळ करून घेण्यासाठी गावोगावहून बॉस्टनला परत येत.

१९२८ मध्ये टेक्निकलरने हे चिकटकाम थांबवले आणि सरळ छपाई सुरू केली. निगेटिव्हवरून जिलेटिनचा उठावदार ठसा तयार करायचा. जिथे रंग गडद हवा तिथे जिलेटिनचा थर जाड, जिथे फिका हवा तिथे पातळ. हा ठसा रंगाच्या हौदातून काढला की थराच्या जाडीप्रमाणे तो रंग पितो. मग कोऱ्या फिल्मवर तो दाबून धरायचा, रंग फिल्ममध्ये उतरतो. दुसऱ्या रंगाचा ठसा त्याच जागी, त्याच दाबाने. हजारो फूट लांबीच्या दोन फिती जरासुद्धा न सरकता एकमेकींवर बसाव्यात म्हणून दातांचा धातूचा पट्टा होता, त्या दातांवर दोन्ही फिल्मची भोके अडकवलेली असत. छापखान्यात ज्याला रजिस्ट्रेशन म्हणतात ते हेच. एकदा ठसा झाला की त्यावरून प्रतींवर प्रती निघत. एखाद्या अनुभवी ब्लॉकमेकरला त्या कारखान्यात उभे केले असते तर फिल्म सोडून बाकी सगळे त्याने ओळखले असते.

रंग अजून दोनच होते. तेवढ्यातही १९२९ मध्ये, बोलपटाच्या पहिल्या भरात, हॉलिवूडने टेक्निकलरपुढे रांगा लावल्या आणि घाईने चित्रपट काढले. दोन रंगांच्या चेहऱ्यांना लोक लवकरच कंटाळले आणि १९३१ पर्यंत सगळे ओसरले. दोन रंगांत कुंकू उतरते, हळद उतरत नाही. हिरवा लुगडेकाठ ठीक दिसतो, जांभळा चिखलासारखा होतो. हे दुखणे जगभर सगळ्यांचे होते, आणि ते आपल्या दारातही यायचे होते.

कोल्हापूरच्या प्रभात फिल्म कंपनीने १९३३ मध्ये ‘सैरंध्री’ करायला घेतला तो रंगीत करायचा म्हणूनच. विषयाला मोठा वारसा होता. कीचकवधाचीच कथा बाबूराव पेंटरांनी १९२० मध्ये मूकपटात आणली होती. प्रभातच्या भागीदारांपैकी दामले, फत्तेलाल, धायबर आणि शांताराम हे चौघेही पेंटरांच्या हाताखाली तयार झालेले. पडदे रंगवण्यापासून कॅमेऱ्यापर्यंत सगळे हाताने शिकलेली ही माणसे होती. फत्तेलालांची रंगाची जाण कुणाहून कमी नव्हती. संगीत गोविंदराव टेंबे यांचे, छायाचित्रण केशवराव धायबर यांचे, दिग्दर्शन शांतारामांचे. चित्रपट मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत केला.

रंगासाठी त्यांनी जर्मनीच्या आगफा कंपनीची बायपॅक पद्धत घेतली. त्या पद्धतीत दोन फिल्म तोंडाला तोंड लावून एकाच कॅमेऱ्यातून चालवतात, पुढची फिल्म निळसर-हिरवा भाग टिपते आणि तिच्या आडची तांबडा. धुलाई आणि छपाई मात्र इथे होणार नव्हती. शांताराम निगेटिव्ह घेऊन बर्लिनला, उफाच्या स्टुडिओकडे गेले. हिटलर नुकताच सत्तेवर आला होता. उफा ही तेव्हा युरोपातली सर्वांत मोठी चित्रसंस्था, तिच्या प्रयोगशाळा नावाजलेल्या. तरीही प्रती निघाल्या तेव्हा रंग मनासारखे नव्हते. कोल्हापुरात मांडलेल्या रंगांशी पडद्यावर दिसणाऱ्या रंगांचे नाते राहिले नव्हते. चित्रपट इथे लागला, पण त्याने लोकांची पकड घेतली नाही, आणि प्रभातने रंगाचा नाद सोडला.

या अपयशाचा दोष शांतारामांच्या घाईला देणारे लिखाण मी वाचले आहे. ते मला पटत नाही. बायपॅक ही मुळातच दोन रंगांची पद्धत, तिने तिसरा रंग द्यावा ही अपेक्षाच चूक. त्याहून मोठी अडचण अंतराची. कोल्हापूर आणि बर्लिन यांत इतके अंतर असताना एखादा सीन चुकला असे कळेपर्यंत सेट मोडलेला असायचा. रंगाच्या छपाईत पहिला प्रूफ पाहून शाई कमी-जास्त करावी लागते, हे छापखान्यातले पोरही जाणते. इथे प्रूफ समुद्रापलीकडे निघत होता. शांतारामांनी मात्र जर्मनीतला तो मुक्काम वाया जाऊ दिला नाही. तिकडचे छायाप्रकाशाचे काम त्यांनी डोळ्यात साठवून आणले. प्रभात त्याच वर्षी पुण्याला आली, आणि तिथे केलेल्या पहिल्याच ‘अमृतमंथन’मधल्या राजगुरूच्या डोळ्याच्या क्लोजअपने त्याची साक्ष दिली.

‘सैरंध्री’च्या आदल्या वर्षीच हॉलिवूडमध्ये निळा सापडला होता. टेक्निकलरच्या जोसेफ आर्थर बॉलने तीन फिल्मचा कॅमेरा घडवला. भिंगामागे एक ठोकळेवजा लोलक. त्यातून हिरवा भाग सरळ एका फिल्मवर जाई, उरलेला प्रकाश वळून बाजूच्या जोडफिल्मवर पडे. त्या जोडीतली पुढची निळा टिपे, मागची तांबडा. तिन्ही निगेटिव्ह काळ्या-पांढऱ्याच असत. छपाई होई पिवळ्या, किरमिजी आणि निळसर रंगांच्या तीन ठशांनी. एवढेच काय, छपाईची कोरी फिल्मही पहिल्या काळात अगदी कोरी नसे. तिच्यावर आधी एक फिकट काळी प्रतिमा उठवलेली असे, कडा आणि सावल्या ठळक याव्यात म्हणून. तिरंगी छपाईत मुद्रक चौथा काळा ठसा मारतो तो याच कारणासाठी. हे वाचले तेव्हा मला फाळक्यांचा छापखाना आठवल्याशिवाय राहिला नाही.

वॉल्ट डिस्नेने १९३२ मध्ये ‘फ्लॉवर्स अँड ट्रीज’ या छोट्या व्यंगपटासाठी ही पद्धत पहिल्यांदा वापरली आणि ऑस्कर घेतले. संपूर्ण कथापट आला १९३५ मध्ये, ‘बेकी शार्प’. टेक्निकलर कॅमेरे विकत नसे, भाड्याने देई. कॅमेऱ्याबरोबर त्यांचा माणूस, त्यांची फिल्म, त्यांची धुलाई आणि नटाली कॅल्मस ही त्यांची रंगसल्लागार, असे सगळे एकत्रच घ्यावे लागे. नटाली ही हर्बर्टची घटस्फोटित पत्नी. कोणत्या खोलीला कोणता रंग, नायिकेचा झगा कसा, यात तिचा शब्द चाले आणि अनेक दिग्दर्शकांचे तिच्याशी खटके उडत. झगझगीत पांढरे कापड कॅमेऱ्याला सोसत नसे, ते करडे करून वापरत. प्रकाश इतका लागे की ‘द विझर्ड ऑफ ऑझ’च्या सेटवर पारा ३८ अंशांवर जाई. मूळ पुस्तकात नायिकेच्या चपला चांदीच्या आहेत. चित्रपटात त्या माणकासारख्या लाल झाल्या, कारण लाल हा टेक्निकलरचा हुकमी रंग. १९३९ मध्ये हा चित्रपट आणि ‘गॉन विथ द विंड’ दोन्ही आले, आणि रंगीत चित्रपट म्हणजे टेक्निकलर असे समीकरण बसले.

मुंबईला एवढी चैन परवडणारी नव्हती. ‘आलम आरा’ने आपल्याकडे बोलपट आणणाऱ्या अर्देशीर इराणींनी सिनेकलर ही स्वस्त अमेरिकन पद्धत उचलली आणि धुलाईची सोय आपल्या इम्पीरियल कंपनीतच करून घेतली. बर्लिनच्या अनुभवानंतर हा निर्णय मला फार शहाणपणाचा वाटतो. सिनेकलरची प्रत दोन्ही अंगांना लेप दिलेल्या फिल्मवर निघे, एका अंगाला निळी, दुसऱ्याला नारिंगी-तांबडी. मोती गिडवाणी यांनी दिग्दर्शित केलेला ‘किसान कन्या’ असा तयार झाला. त्याच्या लेखनात सआदत हसन मंटो यांचा हात होता. हिंदुस्थानात धुतलेला हा पहिला रंगीत कथापट. गिऱ्हाईक मात्र बेताचेच मिळाले. इराणींनी पुढे ‘मदर इंडिया’ नावाचा आणखी एक रंगीत चित्रपट काढला आणि तिथे थांबले. रंग दोनच होते, आणि खर्चाच्या मानाने लोकांना त्यात नवे काही दिसले नाही. मग दुसरे महायुद्ध आले आणि कोरी फिल्मसुद्धा मोजून मिळू लागली.

युद्धात जर्मनीने एक पल्ला गाठला होता. आगफाने एकाच फिल्मवर तीन रंगांचे तीन थर बसवले. लोलक नको, तीन फिती नकोत, कोणताही कॅमेरा चालेल. गोबेल्सच्या आग्रहाने त्यावर ‘म्युंखहाउसेन’सारखे भव्य चित्रपट झाले. जर्मनी हरल्यावर आगफाची गुपिते युद्धाच्या लुटीसारखी वाटली गेली. रशियात सोव्हकलर, इटलीत फेरानियाकलर आणि बेल्जियममध्ये गेव्हाकलर अशी तिची भावंडे निघाली. त्यातल्या गेव्हाकलरने पुढे मुंबईत बस्तान बसवले. ताडदेवच्या फिल्म सेंटरमध्ये त्याची धुलाई होऊ लागली.

तरी १९५० च्या दशकातल्या मुंबईच्या निर्मात्याचे स्वप्न होते टेक्निकलरचेच. ते लंडनजवळ हार्मंड्सवर्थच्या कारखान्यात छापले जाई, हीथ्रो विमानतळाशेजारी. मेहबूब खान यांनी १९५२ चा ‘आन’ छोट्या १६ मिलिमीटर फिल्मवर चित्रित केला आणि मोठ्या टेक्निकलर प्रती लंडनहून काढून आणल्या. फरदून इराणींचे ते छायाचित्रण आजही डोळ्यात भरते. सोहराब मोदींनी त्याहून मोठी उडी घेतली. ‘झांसी की रानी’साठी त्यांनी ‘गॉन विथ द विंड’चे छायाचित्रकार अर्नेस्ट हॉलर यांनाच बोलावले. १९५३ मध्ये लागलेल्या या चित्रपटात राणी झाल्या मोदींच्या पत्नी मेहताब. खर्च अफाट झाला आणि चित्रपट सपशेल पडला. तो पडावा याचे वाईट वाटते, कारण तलवारी, घोडे आणि किल्ला यांना इतका मोठा रंग आपल्याकडे तोवर कुणीच दिला नव्हता.

‘सैरंध्री’ला बावीस वर्षे झाल्यावर शांताराम पुन्हा रंगाकडे वळले. आता प्रभात मागे पडली होती आणि परळला स्वतःचा राजकमल स्टुडिओ होता. १९५५ च्या ‘झनक झनक पायल बाजे’साठी त्यांनी कथा अशी निवडली की रंगाला कारण मिळावे. गोपीकृष्ण आणि संध्या यांची नृत्ये, त्यांचे पोशाख, मागचे रंगवलेले देखावे, सगळ्यांत रंग हेच मुख्य पात्र. टेक्निकलरच्या या चित्रपटाने तुफान धंदा केला. समीक्षकांनी त्याला भडक म्हटले, आजही म्हणतात. मला वाटते शांताराम जे करत होते ते पडद्यांच्या रंगकामाशी, नाटकाच्या रंगमंचाशी इमान राखून करत होते. बाबूराव पेंटरांकडे शिकलेल्या माणसाचा रंग हळवा आणि दबका कसा असेल?

पुढच्याच ‘दो आँखें बारह हाथ’च्या चित्रणात बैलाशी झुंज करताना त्यांच्या डोळ्यांना इजा झाली आणि काही काळ डोळ्यांवर पट्ट्या बांधून पडून राहावे लागले. त्या अंधारात आपल्याला रंग दिसत राहिले, असे त्यांनी १९५९ च्या ‘नवरंग’च्या आरंभी स्वतः पडद्यावर येऊन सांगितले आहे. दुसऱ्या वर्षी, ५ ऑगस्ट १९६० ला, मराठा मंदिरात ‘मुगल-ए-आज़म’ लागला. वर्षानुवर्षे चित्रण चाललेला हा चित्रपट काळा-पांढराच होता, पण के. आसिफ यांनी शीशमहालातले ‘प्यार किया तो डरना क्या’ हे गाणे आणि शेवटचा काही भाग टेक्निकलरमध्ये केला. सगळाच चित्रपट पुन्हा रंगीत करायची त्यांची इच्छा होती. वितरकांचा धीर सुटला होता, म्हणून ते राहून गेले. काळ्या-पांढऱ्यातून एकाएकी आरशांचा तो रंगीत महाल उजळतो तेव्हा थिएटरात काय झाले असेल, याची कल्पना आजच्या प्रेक्षकालाही करता येते.

तोवर टेक्निकलरचे दिवस भरत आले होते. कोडॅकने १९५० मध्ये ईस्टमनकलर आणला, एकाच फिल्मवर तीन थर, कोणत्याही कॅमेऱ्यात चालणारा, स्वस्त आणि आगफापेक्षा भरवशाचा. तीन फिल्मचा अजस्र कॅमेरा १९५५ पर्यंत कोठारात गेला. छपाईचे ठसे मात्र चालू राहिले, आता ईस्टमनच्या निगेटिव्हवरून. पण थोड्या प्रतींसाठी ठसे करणे परवडेना आणि १९७० च्या दशकाच्या मध्यावर हॉलिवूडमधला तो छापखाना थांबला. चीनने लंडनच्या कारखान्यातली यंत्रे घेऊन बेजिंगला बसवली. झांग यिमोऊ यांचा १९९० चा ‘जू डोऊ’ हा चित्रपट या पद्धतीने छापला गेला. त्याची कथा घडते कापड रंगवणाऱ्याच्या घरात, आणि त्यातली लाल-पिवळी लांबच लांब कापडे पाहताना त्या ठशांची ताकद कळते.

ईस्टमनकलरचे दुखणे हळूहळू बाहेर आले. त्यातला निळसर थर आधी विरतो, मग पिवळा, आणि शेवटी उरते ते सगळे गुलाबी. साठ-सत्तरच्या दशकांतले हिंदी चित्रपट जत्रेच्या तंबूत पाहिलेल्यांना हा गुलाबी रंग चांगला ठाऊक असेल. हिरवी झाडे तपकिरी, आकाश फिकट, नायिकेचा चेहरा विटकरी. मार्टिन स्कोर्सेसी यांनी १९८० मध्ये याविरुद्ध जगभरच्या चित्रपटकारांच्या सह्या गोळा केल्या. नंतर कोडॅकने टिकाऊ रंगांची फिल्म बाजारात आणली. टेक्निकलरच्या छापील प्रती मात्र तशाच राहिल्या, कारण त्यांतले रंग थेट कापडाला द्यावे तसे दिलेले, टिकाऊ म्हणूनच निवडलेले होते. आणि तीन फिल्मच्या निगेटिव्हमध्ये तर रंगच नाही, नुसती चांदी आहे. ती विरत नाही. ‘ऑझ’च्या त्या तीन काळ्या-पांढऱ्या फिती इतक्या वर्षांत कमीअधिक आकसल्या होत्या. त्या संगणकावर पुन्हा एकमेकींवर बसवल्या, तेव्हा १९३९ चा लाल जसाच्या तसा परत आला.

म्हणून जगभरच्या संग्रहालयांत आजही एक महागडी पण खात्रीची रीत आहे. रंगीत चित्रपट जपून ठेवायचा तर त्याचे तीन रंग वेगळे करायचे आणि प्रत्येकाची काळी-पांढरी फिल्म काढून थंड कोठडीत ठेवायची. शांतारामांचा ‘पिंजरा’, १९७२ चा, ईस्टमनकलरमध्ये होता. त्याची कथा ज्यावरून सुचली तो ‘ब्लू एंजेल’ हा चित्रपट उफाचाच. २०१६ मध्ये तो डिजिटल करून पुन्हा थिएटरात आणला गेला. ‘सैरंध्री’च्या वाट्याला हे भाग्य आले नाही. मराठीतल्या त्यानंतरच्या शेकडो ईस्टमनकलर चित्रपटांच्या निगेटिव्ह डब्यांत पडून आहेत, आणि त्यांच्यातला निळा दर पावसाळ्यात थोडा थोडा कमी होतो आहे. त्या डब्यांची झाकणे उघडण्याचे काम आज हातात घेतले, तर त्यातले पुष्कळसे रंग अजून वेगळे काढता येतील.